चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके

गेल्या श्रावणातील एका शनिवारी आमच्या शाळेच्या सभागृहातील खिडक्यांना काळे पडदे लावण्यात आले आणि आम्हां नववीच्या विद्यार्थ्यांना 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट दाखविण्यात आला. चित्रपट म्हणण्यापेक्षा त्याचे उरलेले अवशेष म्हणणे अधिक योग्य होईल. मूळ चित्रपट चार रिळांचा, सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. त्यातील पहिले आणि शेवटचे रीळ, मिळून १,४७५ फूट, एवढाच भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे आपल्या हाती राहिला आहे. हा भाग १९१३ सालचा, की १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचा, याविषयीही अभ्यासकांत एकमत नाही. आम्ही मात्र तो १९१३ चाच समजून पाहावयास बसलो होतो.

खरे सांगावयाचे तर आम्ही हसलो. तारामती राणी पडद्यावर आली आणि तिचे रुंद खांदे पाहून मागच्या बाकांवर खसखस पिकली. राण्यांच्या जलक्रीडेचा प्रसंग आला तेव्हा, या सर्व स्त्रिया म्हणजे ओल्या लुगड्यांतील पुरुषच आहेत हे ध्यानात येऊन हसणे आवरेना. दिवे लागल्यावर मते विचारण्यात आली. एकाचे म्हणणे असे पडले की, अभिनय अतिरेकी आहे, हातवारे फार. दुसऱ्याला आवाजाविना डुलकी लागली होती. एका विद्यार्थिनीने असा आक्षेप घेतला की, पुढे काय घडणार हे पाटीवर आधीच लिहून येत असल्याने उत्कंठा उरतच नाही. हा आक्षेप आम्हांला आजही बिनतोड वाटतो. एका मित्राने तर खिशातील मोबाइलवर आपण याहून बरे चित्रण करू असे सांगून टाकले. याउलट दोघे-तिघे असे होते की त्यांना सारेच थोर वाटले. पण का वाटले हे त्यांना सांगता येईना.

आमचे मराठीचे सर रागावले नाहीत. त्यांनी एवढीच अट घातली की, ज्याला नावे ठेवावयाची आहेत त्यानेही आणि ज्याला आरती ओवाळावयाची आहे त्यानेही आधी हा चित्रपट करणाऱ्या माणसाचे आयुष्य शोधून काढावे. दिवाळीच्या सुटीपर्यंत आम्ही ते काम केले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. घरात पोथ्या, पूजा, पुराणे. पुढे ज्या कथा त्यांनी पडद्यावर आणल्या त्या त्यांना कोठून शोधून आणाव्या लागल्या नाहीत. त्या त्यांच्या कानांवरच वाढल्या होत्या. वडिलांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापनाचे काम मिळाले, तेव्हा कुटुंब मुंबईस आले. चित्रकलेची ओढ पाहून १८८५ साली धुंडिराजांना सर जे. जे. कलाशाळेत घालण्यात आले. त्यानंतर वडील बंधूंबरोबर ते बडोद्यास आले, आणि येथून त्यांची कथा आपल्या गावाची कथा होते.

१८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने येथे कलाभवन सुरू झाले. आज ज्या इमारतीत महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाचे तंत्रशास्त्राचे वर्ग भरतात, तिच्यावरून आमच्यापैकी कित्येक जण रोज सायकलवरून जातात. पण तेथे फाळके शिकले हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते! कलाभवनात त्या काळी केवळ चित्रे काढण्यास शिकवीत नसत. कला आणि हुन्नर यांची तेथे सांगड होती. मूर्ती घडविणे, वास्तूचे आराखडे, छायाचित्रण, छपाई या साऱ्यांना तेथे सारखाच मान होता. संस्थेचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांची या तरुणावर मर्जी बसली आणि छायाचित्रणाची साधने वापरण्याची त्याला मोकळीक मिळाली. धुंडिराजांनी याच सुमारास स्वतःचा कॅमेराही घेतला. आम्हांला असे वाटते की पुढील आयुष्यात त्यांनी एकट्याने जी दहा माणसांची कामे केली त्यांचे रहस्य या कलाभवनात आहे. ज्याला रंग कालवता येतो, साचा ओतता येतो, काच धुता येते आणि यंत्र उघडून पुन्हा जुळवता येते, त्याला कारागीर मिळाला नाही म्हणून अडून राहावे लागत नाही.

बडोद्याशी त्यांचे आणखी एक नाते आहे. राजा रविवर्मा यांनी सयाजीराव महाराजांसाठी काढलेली पुराणकथांतील चित्रे आपल्या गावचे वैभव होत. शाळेच्या सहलीत आम्ही ती पाहिली आहेत. 'राजा हरिश्चंद्र'च्या आरंभी राजा आपल्या मुलाला धनुर्विद्या शिकवितो आणि राणी शेजारी उभी असते. दुसऱ्यांदा चित्रपट पाहताना आमच्या चित्रकलेच्या वर्गातील एकीच्या ध्यानात आले की, ही मांडणी, हे उभे राहणे, हे दागिने, सारे रविवर्म्यांच्या चित्रातून उतरल्यासारखे आहे. फाळके यांनी पुढे रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केले होते हे कळल्यावर तिला फारच आनंद झाला.

कलाभवनातून बाहेर पडल्यावरची वर्षे सुखाची नव्हती. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. १९०० च्या सुमारास तेथे प्लेगची साथ आली आणि तीत त्यांची पत्नी व मूल दोघेही गेले. ते बडोद्यास परतले. येथेही धंदा चालेना, कारण छायाचित्र काढल्याने अंगातील शक्ती ओढली जाते आणि आयुष्य कमी होते असा समज लोकांत होता. मध्यंतरी त्यांनी जादूचे प्रयोगही केले. त्यासाठी आपले आडनाव उलटे वाचून 'प्रोफेसर केळफा' असे नाव त्यांनी घेतले होते. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या सरस्वतीबाई. त्यांच्याविषयी पुढे सांगावयाचेच आहे. पुराणवस्तु खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली, तीही त्यांनी स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत सोडली. लोणावळ्यास व नंतर दादरला छापखाना काढला, रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली जर्मनीस जाऊन आले, छपाईत नाव मिळविले आणि भागीदारांशी न पटल्याने त्या नावाजलेल्या छापखान्यातूनही रिकाम्या हातांनी बाहेर पडले. वय चाळीस. आमच्यातील एकाने या ठिकाणी असा शेरा मारला की हा मनुष्य कोठे टिकतच नव्हता. शेरा कठोर आहे, पण खोटा नाही. पुढेही त्यांचे भागीदारांशी पटले नाही हे आम्हांला आढळून आले.

१९११ च्या सुमारास गिरगावातील एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. आपल्या देशात हे होऊ शकेल काय, एवढा एकच प्रश्न त्यानंतर त्यांच्या मनात उरला. दुसऱ्या दिवशी ते पत्नीलाही घेऊन गेले. मग मिळेल तो चित्रपट पाहणे, त्याचा विचार करणे, घरी येऊन रात्र रात्र यंत्राशी झटणे, असे सुरू झाले. झोप नाही, विश्रांती नाही. परिणाम असा झाला की डोळे अधू झाले आणि काही काळ त्यांना दिसेनासेच झाले! ज्याला चित्रे हलती करावयाची होती त्याच्यापुढे अंधार पसरला. उपचारांनी दृष्टी परत आली ती चष्म्यांच्या आधाराने.

पैसा कोण देणार? त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. ओळख कोणाची नव्हती. 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ जाऊन उभे राहिले. तेथील संपादकाने त्यांना या धंद्यात पडू नका असा सल्ला दिला. मात्र ते ऐकत नाहीत असे पाहून सेसिल हेपवर्थ या चित्रपट निर्मात्याकडे त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थच्या कारखान्यात त्यांनी सर्व कामे डोळ्यांखाली घातली. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला कडेची भोके पाडण्याचे यंत्र आणि कोरी फिल्म घेऊन ते दोन महिन्यांत परत आले.

परतल्यावर त्यांनी जे पहिले चित्रण केले ते आम्हां सर्वांना, अगदी डुलकी घेणाऱ्या मित्रालाही, आवडले. कुंडीत एक वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर ते सलग पाहिले की मिनिटभरात बी फुटते, कोंब वर येतो आणि वेल चढू लागतो. हे छोटे चित्रण दाखवूनच त्यांनी भांडवल मिळविले. आमच्या वर्गातील तिघांनी मुगाच्या दाण्यांवर हाच प्रयोग करून पाहिला. दहाव्या दिवशी कुंडी मांजराने पाडली. फाळक्यांच्या चिकाटीचे माप आम्हांला त्या दिवशी कळले.

'राजा हरिश्चंद्र'ची तयारी दादरच्या घरी सुरू झाली. आमच्या हसण्याचे उत्तर येथेच आहे. फाळके यांना स्त्रीच्या भूमिकेसाठी स्त्रीच हवी होती. त्यांनी जाहिराती दिल्या. कुलीन घरांतून कोणी येणे शक्यच नव्हते. समाजाने दूर ठेवलेल्या वस्त्यांतही त्यांनी विचारणा केली; तेथूनही नकार मिळाला. चित्रपटात काम करणे त्या वस्तीलाही कमीपणाचे वाटत होते! शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातील आचारी अण्णा साळुंके यांच्यावर त्यांची दृष्टी गेली. नाजूक हात आणि रेखीव चेहरा पाहून त्यांनी त्यास तेथील दहा रुपयांच्या जागी पंधरा रुपये पगार देऊ केला आणि तारामती मिळाली. पण मिशी? वडील हयात असता मिशी काढणे अशुभ मानले जाई. स्त्रीपार्टी नटांची समजूत घालताना फाळक्यांच्या नाकी नऊ आले. हे सर्व वाचून झाल्यावर आम्ही ती रिळे पुन्हा पाहिली. खांदे तेवढेच रुंद होते. कोणी हसले नाही असे म्हणणे खोटे होईल. पण हसणे निराळे होते.

सरस्वतीबाईंचे नाव चित्रपटाच्या पाट्यांत नाही. त्यांनी दागिने दिले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. रात्री मुले निजल्यावर अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडणे, ती कॅमेऱ्यात भरणे, रसायनांत धुणे ही कामे त्यांनी शिकून घेतली होती आणि दिवसा उन्हाचा प्रकाश नटांवर पाडण्यासाठी पांढरी चादर धरून त्या उभ्या राहत असे सांगतात. आमच्या वर्गातील मुलींचे असे ठाम मत झाले की, या चित्रपटाचे जनक म्हणून एकाच माणसाचे नाव घेणे अपुरे आहे. मुलांपैकी काहींनी यावर वाद घातला की कल्पना फाळक्यांची होती. मुलींनी विचारले की, कल्पना धुतली कोणी? येथे मुलांची बाजू लंगडी पडली हे आम्ही मान्य करतो.

याहून अवघड वाद दुसऱ्याच प्रसंगावरून झाला. रोहिदासाची भूमिका फाळक्यांचा थोरला मुलगा भालचंद्र करीत होता. चित्रण चालू असता तो पडला, डोक्याला मार बसला आणि तो बेशुद्ध झाला. बरोबरच्या लोकांनी काम थांबवावे असे सुचविले. फाळके यांनी उपचार केले. परंतु मृत रोहिदासाचे दृश्य घ्यावयाचे होतेच, तेव्हा त्या बेशुद्ध अवस्थेतच त्यांनी ते घेतले, अशी आठवण सांगितली जाते. सर्वस्व देणाऱ्या हरिश्चंद्राची कथा सांगणारा मनुष्य स्वतःही तसाच वागला, म्हणून कित्येकांना हा प्रसंग वंदनीय वाटला. इतरांना तो सहन झाला नाही. एका मित्राने विचारले की, हरिश्चंद्राने दिले ते वचनासाठी, फाळक्यांनी कोणास वचन दिले होते? त्यावर एकीचे उत्तर असे की, उसने घेतलेल्या पैशाचे वचन हेही वचनच आहे. दिवस फुकट गेला असता तर साठ माणसांचा पगार कोठून येणार होता? पण त्या मुलाला कोणी विचारले होते काय, असा प्रतिप्रश्न आला. तास संपला तरी वाद संपला नाही. आमच्यात आजही दोन तट आहेत आणि ते एकत्र यावेत असा आग्रह आम्ही सोडून दिला आहे.

२१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. मुंबईने तो डोक्यावर घेतला. मुंबईबाहेर मात्र लोक सहा सहा तासांच्या नाटकांना सरावलेले. त्यांना एवढ्याशा वेळाच्या खेळाला पैसे मोडणे पटेना. तेव्हा फाळके यांनी जाहिरात केली की, तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहावयास मिळेल! आमच्या गणिती मित्राने लगेच हिशेब मांडला. एका फुटात सोळा चित्रे बसतात. तेव्हा ३,७०० फुटांत ५९,२०० चित्रे होतात. म्हणजे छायाचित्रांचा आकडा उलट थोडा कमीच सांगितला होता. मैल मात्र ५,२८० फुटांचा. त्यामुळे दोन मैल सोडाच, पाऊण मैलही भरत नाही. सत्यवचनी राजाच्या चित्रपटाची जाहिरात अशी असावी याची आम्हांला गंमत वाटली.

पहिला चित्रपट कोणता, यावरही मतभेद आहेतच. दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' हा १८ मे १९१२ रोजी, म्हणजे जवळजवळ एक वर्ष आधी, त्याच कॉरोनेशनमध्ये दाखविला गेला होता. पण तो रंगमंचावरील नाटकाचेच चित्रण होता आणि त्याची फिल्म धुण्यासाठी विलायतेस पाठविण्यात आली होती. फाळके यांनी कथा चित्रपटासाठी बांधली आणि कॅमेरा सोडल्यास सारे काही येथल्या माणसांच्या हातांनी झाले, म्हणून मान त्यांच्याकडे जातो. आमच्या मते मान योग्य ठिकाणी गेला आहे. तोरण्यांचे नाव मात्र पाठ्यपुस्तकात एका ओळीने का होईना, यावयास हवे.

१९१३ सालीच फाळके नाशिकला गेले. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये त्यांना अखेर स्त्रिया मिळाल्या. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्याच अण्णा साळुंके यांनी केल्या. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि १९१९ चा 'कालियामर्दन' हे तिचेच. 'कालियामर्दन'चा बराच भाग उपलब्ध आहे आणि तोही आम्ही पाहिला. त्यात कृष्ण झाली आहे ती फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. आरंभी ती मुलगी मुलगी म्हणूनच समोर येते, राग, आनंद, भय असे भाव चेहऱ्यावर दाखविते, आणि मग तीच कृष्ण होते. हा चित्रपट आमच्या वर्गाने एकमताने उचलून धरला. पाटीवर आधीच सारे येते म्हणून तक्रार करणारी मैत्रीण डोहाकाठी यशोदेची घालमेल पाहताना बाक सोडून पुढे जाऊन बसली होती.

नंतरची कथा भराभर सांगितलेली बरी. भागीदारांशी बिनसले, ते कंपनी सोडून काशीस गेले, तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले, पुन्हा परत आले, पुन्हा चित्रपट केले. १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटांचे दिवस संपले. १९३७ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा एकमेव बोलपट केला. मिळालेला पैसा त्यांनी कधीच राखला नव्हता. म्हातारपण ओढाताणीचे गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते वारले. सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून सुरू केला आणि १९७१ साली त्यांचे टपालाचे तिकीट निघाले. आमच्या एका मित्राच्या आजोबांच्या संग्रहात ते तिकीट आहे. त्याने ते वर्गात आणले होते.

दिवाळीपूर्वीच्या शेवटच्या तासाला सरांनी आम्हांला १९१७ सालचे एक छोटे चित्रण दाखविले. त्याचे नाव 'चित्रपट कसे तयार करतात'. त्यात फाळके स्वतः आहेत. नटांना सूचना देत आहेत, फिल्मची पट्टी हाती धरून निरखीत आहेत. काम करणारा मनुष्य जसा दिसावा तसे ते दिसतात. आपल्याकडे कोणी पाहत आहे याचे त्यांना भान नसावे. चित्रण काही मिनिटांतच संपले. मोबाइलवर आपण याहून बरे चित्रण करू असे म्हणणाऱ्या मित्राने ते पुन्हा लावण्याची विनंती केली. सरांनी ते पुन्हा लावले आणि मधल्या सुटीची घंटा होईपर्यंत आम्ही ते तीनदा पाहिले.